काट्याच्या खोलीतून नागपूरच्या सर्व्हरवर: पुटीची सेटिंग पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या आगेमागे आमच्या केंद्रावर कापसाच्या बंड्या आणि ट्रॅक्टर लागायला लागले की काट्याच्या खोलीत दरवर्षी एक-दोन नवी पोरं कामाला येतात. हिंगणघाटच्या आसपासच्या खेड्यांतली, बारावी किंवा पदवी झालेली, मोबाईलवर हात बसलेली. त्यांच्यासमोर एक काळा पडदा उघडतो, वरच्या कोपऱ्यात ‘लॉगिन ॲज’ एवढेच दोन शब्द असतात, आणि खिडकीबाहेर शेतकरी गाडी लावून उभा असतो. पहिल्या वर्षी मीही अशीच बसले होते.

आमचा हिशेबाचा प्रोग्राम नागपूरच्या सर्व्हरवर चालतो. तोल, ओलावा, भाव, तोलपट्टी, सगळं तिथं. आमच्या खोलीतला कॉम्प्युटर फक्त आपण दाबलेल्या कळा तिकडे पाठवतो आणि तिकडून आलेली अक्षरं दाखवतो. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला टर्मिनल इम्युलेटर म्हणतात, आणि आमच्याकडे ते म्हणजे पुटी. ‘ही सेटिंग अशीच राहू दे’ असं सांगणारे मला पुष्कळ भेटले, पण का ते सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुम्ही जिनिंगमध्ये असा, संस्थेत असा की घरी बसून लिनक्स शिकत असा, पायऱ्या त्याच आहेत.

पडद्यावरची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, तुम्हाला ती इंग्रजीत दिसतील. आणि आपल्याकडे ‘लाईन गेली’ म्हणजे वीज गेली. इथंही लाईन म्हणजे वीजच समजा. इंटरनेटला मी नेट म्हणणार आहे.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट मनात पक्की धरा: आपल्याकडे कनेक्शन तुटणार आहे. लाईन जाईल, टॉवर जाईल, इन्व्हर्टर उतरेल. शहरात बसून लिहिलेली माहिती हे गृहीत धरत नाही. आपल्याला सेटिंग अशी करायची आहे की कनेक्शन तुटलं तरी माणसाचा तोल हरवू नये.

१. चिठ्ठी हातात आल्याशिवाय बसू नका

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडून पुढची माहिती लेखी घ्या. फोनवर ऐकून टाईप केलेल्या पत्त्यात हमखास चूक होते.

- सर्व्हरचं नाव किंवा आयपी पत्ता
- पोर्ट नंबर, म्हणजे सर्व्हरवर कोणत्या दारानं शिरायचं त्याचा आकडा (बहुतेक वेळा २२, पण विचारा, काही जण मुद्दाम बदलतात)
- कनेक्शनचा प्रकार (एसएसएच असायला हवा, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशी बंदिस्त जोडणी)
- तुमचं युजरनेम, आणि आत पासवर्डने जायचं, का की-फाईलने (पासवर्डच्या जागी ओळख पटवणारी फाईल, दहावी पायरी बघा)
- सर्व्हरच्या होस्ट कीचा फिंगरप्रिंट (होस्ट की म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, फिंगरप्रिंट म्हणजे त्याची खूण, चौथी पायरी बघा)
- प्रोग्राम कोणता टर्मिनल प्रकार मानतो: एक्सटर्म, व्हीटी१००, लिनक्स की आणखी काही
- सर्व्हरवर टीमक्स किंवा स्क्रीन आहे का (कनेक्शन तुटलं तरी काम तसंच जपून ठेवणारी साधनं, नववी पायरी बघा)

शेवटच्या तीन गोष्टी नवीन माणूस कधीच विचारत नाही आणि देणाराही आपण होऊन देत नाही. त्यांच्यासाठीच नंतर चार-चार वेळा फोन करावा लागतो. ‘टर्मिनल प्रकार कोणता’ असं विचारलं तर समोरचा कदाचित थोडा थांबेल. थांबू द्या, पण उत्तर घ्याच.

२. पुटी कुठून घ्यायची

पुटी फुकट आहे. सायमन टॅथम यांनी ती लिहिली आणि त्यांची मंडळी आजही ती सांभाळतात. मूळ पान चियार्क डॉट ग्रीनएंड डॉट ऑर्ग डॉट यूके या पत्त्यावर त्यांच्या नावाखाली आहे. शोधताना सर्वात वर जी जाहिरात येते तिच्यावर क्लिक करू नका. जाहिरातींतून बनावट पुटी वाटून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्याचे प्रकार झालेले आहेत. मित्राच्या पेनड्राईव्हवरची, कधीची कोण जाणे अशी कॉपीही घेऊ नका.

आवृत्ती ०.८१ किंवा त्यापुढची हवी. ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांमध्ये लॉगिनसाठी वापरायच्या एका विशिष्ट प्रकारच्या कीबाबत, म्हणजे ५२१ बिटांच्या ईसीडीएसए कीबाबत, गंभीर दोष होता: त्या कीने लॉगिन करताना होणाऱ्या डिजिटल सह्या पुरेशा जमवल्या तर फक्त आपल्याकडे असायची ती खासगी कीच काढता येत होती. एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ आली आणि तो दोष गेला. तशी की तुम्ही जुन्या पुटीत वापरली असेल तर नुसती पुटी बदलून भागत नाही, ती की टाकून नवी करावी लागते.

इन्स्टॉलर घेतलात तर पुटीजेन (की बनवणारं) आणि पेजंट (की सांभाळून ठेवणारं) ही सोबतची साधनंही येतात. नुसती पुटीची एकच फाईल घेतली तरी ती इन्स्टॉल न करता चालते.

३. सेशनचं पान आणि सेव्हचा सापळा

पुटी उघडली की डावीकडे विषयांची यादी आणि उजवीकडे त्या विषयाचं पान दिसतं. पहिलं पान सेशनचं. ‘होस्ट नेम’च्या रकान्यात चिठ्ठीवरचा पत्ता टाका, पोर्ट टाका, प्रकार एसएसएच ठेवा. पत्त्याच्या मागेपुढे रिकामी जागा सुटली नाही ना ते बघा. व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना ती हमखास येते.

कोणी टेलनेट (एसएसएचच्या आधीची जुनी पद्धत), पोर्ट २३ असं सांगितलं तर एकदा विचारून घ्या. टेलनेटमध्ये पासवर्डसकट सगळं उघडं जातं. वाटेत कोणी ऐकत असेल तर त्याला वाचता येतं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं ते याच कारणानं, तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते. आज गावातल्या हॉटस्पॉटवरून टेलनेटनं पैशांचा हिशेब चालवणं चुकीचंच आहे.

आता ‘सेव्हड् सेशन्स’च्या रकान्यात एक नाव द्या, समजा ‘काटा’, आणि सेव्ह दाबा.

सर्वात जास्त वेळ वाया जातो तो इथं, म्हणून सावकाश वाचा. पुटीत प्रत्येक पानावर सेव्हचं बटण नाही. ते फक्त सेशनच्या पानावर आहे. तुम्ही कीबोर्डच्या पानावर जाऊन बदल केला आणि थेट ओपन दाबलं, तर तो बदल त्या एका वेळेपुरता चालतो आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो. पोरं मग म्हणतात, ‘ताई, काल चालत होतं, आज काहून नाही चालून रायलं?’ योग्य क्रम असा:

सेशनच्या पानावर ‘काटा’वर एकदाच क्लिक करा. लोड दाबा. हव्या त्या पानावर जाऊन बदल करा. परत सेशनच्या पानावर या. सेव्ह दाबा. मग ओपन.

दोनदा क्लिक केलं तर सेशन थेट उघडतं, लोड होऊन थांबत नाही. लोड न करता बदल करून ‘काटा’ नावानं सेव्ह केलं तर जुनी सगळी सेटिंग पुसली जाते. हे माझ्याकडून दोनदा झालं आहे, आणि दोन्ही वेळा सगळं पहिल्यापासून भरावं लागलं.

सेशन चालू असतानाही बदल करता येतो. खिडकीच्या वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून ‘चेंज सेटिंग्ज’ घ्या. तिथूनही सेव्ह होतं. मात्र काही पर्याय त्यात दिसत नाहीत, कारण ते जोडणीच्या आधीच ठरलेले असतात.

आणखी एक. ही सेटिंग पुटीच्या फाईलमध्ये राहत नाही, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगच्या वहीत राहते, तीही ज्या नावानं तुम्ही विंडोजमध्ये शिरलात त्याच्याच खात्यात. म्हणून पुटी पेनड्राईव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावली तर यादी रिकामी दिसते. काही बिघडलेलं नसतं. सेटिंग न्यायची असेल तर रजिस्ट्री एडिटरमध्ये सॉफ्टवेअरखाली सायमन टॅथम नावाची शाखा असते, ती एक्स्पोर्ट करून दुसरीकडे इम्पोर्ट करा.

४. पहिली भेट: होस्ट कीचा प्रश्न

पहिल्यांदा ओपन दाबल्यावर एक खिडकी येते. या सर्व्हरची होस्ट की आपल्याकडे नोंदलेली नाही, असं ती सांगते आणि खाली एक लांब ओळ दाखवते. त्यात एसएचए२५६ पासून पुढं असतो तो फिंगरप्रिंट. शंभरातले नव्व्याण्णव जण न वाचता ॲक्सेप्ट दाबतात. तुम्ही चिठ्ठी काढा आणि ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून बघा, लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकासकट. जुळली तर ॲक्सेप्ट. पुन्हा हा प्रश्न येणार नाही.

कॉम्प्युटर बदलला किंवा विंडोजचं खातं बदललं तर हाच प्रश्न परत येणं साहजिक आहे, कारण नोंद जुन्या जागी राहिली. पण त्याच कॉम्प्युटरवर, त्याच खात्यात, अचानक ‘वॉर्निंग, पोटेन्शियल सिक्युरिटी ब्रीच’ असा मोठा इशारा आला तर तिथंच थांबा. त्याचा अर्थ असा की कालच्या पत्त्यावर आज वेगळी की आहे. सर्व्हर नवा बसवला असेल, किंवा मध्ये दुसरंच कोणी बसलं असेल. कोणतं ते तुम्हाला खोलीत बसून कळणार नाही.

एका हंगामात हा इशारा आला तेव्हा बाहेर अकरा ट्रॅक्टर उभे होते. मी कॅन्सल दाबून नागपूरला फोन लावला. फोन लागायला आणि नवा फिंगरप्रिंट मिळायला पाऊण तास गेला, तोवर तोल कागदावर लिहून घेतले. लोक चिडले, त्यांचं बरोबरच होतं, त्यांना घरी जायचं होतं. सर्व्हर खरोखरच बदलला होता. तरी मी पुन्हा तेच करेन, कारण त्या पडद्यावर दुसऱ्याच्या घामाचे पैसे असतात.

फिंगरप्रिंट फोनवर किंवा मेसेजवर घ्या. ज्या जोडणीबद्दल शंका आहे तिच्यातूनच आलेल्या माहितीनं तिचीच खात्री करता येत नाही.

५. पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही

‘लॉगिन ॲज’ पुढं युजरनेम टाईप करून एंटर. मग पासवर्ड विचारला जातो. इथं चांदण्या, ठिपके, काहीच उमटत नाही. कर्सरही हलत नाही. कीबोर्ड बंद पडलेला नाही. लांबीसुद्धा कळू नये म्हणून तसं केलेलं आहे. न थांबता पूर्ण टाईप करा आणि एंटर दाबा. ‘ॲक्सेस डिनाईड’ आलं तर आधी कॅप्स लॉक बघा, नंतर नम लॉक.

रोज युजरनेम टाईप करायचं नसेल तर कनेक्शनखाली डेटाच्या पानावर ‘ऑटो-लॉगिन युजरनेम’मध्ये ते लिहून ठेवा. खोलीत दोघं-तिघं आळीपाळीनं बसत असाल तर मात्र प्रत्येकाचं सेशन वेगळ्या नावानं सेव्ह करा. एकाच्या नावावर दुसऱ्यानं नोंद केली की हिशेबात फरक आल्यावर कोणी काय केलं ते सापडत नाही.

६. कळा: काट्यावरच्या माणसाचा खरा त्रास

इथं जरा थांबावं लागेल, कारण कळांनी मला जितकं रडवलं तितकं नेटनंसुद्धा नाही.

जुन्या काळी सर्व्हरला खरोखरचं टर्मिनल जोडलेलं असे, म्हणजे फक्त पडदा आणि कीबोर्ड. डीईसी कंपनीचं व्हीटी१०० हे १९७८ मधलं, आणि पुढच्या बहुतेकांनी त्याचीच भाषा उचलली. प्रत्येक टर्मिनल एकेका कळेसाठी ठरावीक संकेत पाठवत असे. पुटी त्या यंत्राचं सोंग घेते. आपण कोणत्या यंत्राचं सोंग घेतलंय आणि सर्व्हरवरचा प्रोग्राम कोणतं यंत्र समजून बसलाय, हे जुळलं नाही की कळा भलतंच काही करतात. म्हणून चिठ्ठीत टर्मिनल प्रकार मागितला.

प्रकार: कनेक्शनखाली डेटाच्या पानावर ‘टर्मिनल-टाईप स्ट्रिंग’ असते. मुळात तिथं एक्सटर्म असतं. चिठ्ठीत वेगळं असेल तर ते लिहा.

बॅकस्पेस: दाबल्यावर खोडण्याऐवजी टोपीसारखी खूण आणि प्रश्नचिन्ह, किंवा टोपी आणि एच उमटतो? टर्मिनलखाली कीबोर्डच्या पानावर बॅकस्पेसचे दोन पर्याय आहेत: कंट्रोल-एच आणि कंट्रोल-प्रश्नचिन्ह. जो निवडलेला असेल त्याच्या उलट निवडा. बहुतेक वेळा एवढ्यानंच काम होतं.

एफ१ ते एफ४: आमच्या प्रोग्राममध्ये एफ२ म्हणजे नोंद पक्की. नव्या कॉम्प्युटरवर एफ५ पासून पुढं सगळं चालायचं आणि नेमकी एफ२ चालायची नाही. कारण पुटी पहिल्या चार कळांसाठी मुळात एक संकेत पाठवते आणि एक्सटर्म समजून बसलेला प्रोग्राम वेगळ्या संकेताची वाट बघतो. कीबोर्डच्याच पानावर फंक्शन कीचे प्रकार आहेत, त्यात ‘एक्सटर्म आर६’ निवडा. तुमचा प्रोग्राम लिनक्स किंवा एससीओ मानत असेल तर त्या नावाचे पर्यायही तिथंच आहेत.

उजवीकडचा नंबर पॅड: तोल टाकणारा माणूस आकडे उजव्या हातानं नंबर पॅडवर मारतो, तीच त्याची गती. काही प्रोग्राम उघडल्याबरोबर नंबर पॅडला वेगळ्या अवस्थेत टाकतात, आणि मग आकड्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं उमटतात किंवा कर्सर उड्या मारतो. टर्मिनलखाली फीचर्सच्या पानावर ‘डिसेबल ॲप्लिकेशन कीपॅड मोड’वर खूण करा. गर्दीच्या दिवशी २,३४० ऐवजी भलतंच काही पडलं आणि ते तसंच पक्कं झालं, तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. नव्या माणसाला बसवण्याआधी मी शून्य ते नऊ सगळे आकडे पॅडवरून एकदा मारून बघायला लावते.

कंट्रोल-एस: वर्डमध्ये सेव्ह करायची सवय असलेली मुलगी इथंही कंट्रोल-एस दाबते आणि पडदा गोठतो. नेट गेलं समजून ती खिडकी बंद करते. खरं तर कंट्रोल-एस म्हणजे टर्मिनलच्या भाषेत ‘दाखवणं थांबव’. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं पुन्हा चालू होतं. गोठलेल्या काळात मारलेल्या कळा सर्व्हरपर्यंत गेलेल्या असू शकतात, म्हणून घाबरून एंटर बडवू नका.

कंट्रोल-सी: इथं ते कॉपी नाही, चालू काम थांबवण्याचा हुकूम आहे. पुटीत माऊसनं मजकूर निवडला की तो आपोआप कॉपी होतो, आणि उजवं बटण दाबलं की पेस्ट होतो. हा दुसरा भाग धोक्याचा. उजवं क्लिक करून मेनू यावा अशी सवय असते, आणि इथं कुठूनतरी कॉपी केलेला मजकूर थेट नोंदीत घुसतो. विंडोखाली सिलेक्शनच्या पानावर माऊसची पद्धत ‘विंडोज’ निवडा, म्हणजे उजव्या बटणावर मेनू येईल. नवख्यांसाठी मी हे न विचारता करून ठेवते.

७. पडदा

यात फार गुंतू नका. विंडोच्या पानावर ८० रकाने आणि २४ ओळी मुळातच असतात. जुने प्रोग्राम त्याच मापाचे आहेत, म्हणून खिडकी ताणून मोठी केली की चौकटी विस्कटतात. अक्षर बारीक वाटत असेल तर खिडकी न ताणता ॲपिअरन्समध्ये फॉन्टचं माप वाढवा. चौकटीच्या रेषांच्या जागी विचित्र अक्षरं दिसत असतील तर ट्रान्सलेशनच्या पानावर रिमोट कॅरॅक्टर सेट तपासा. आजच्या सर्व्हरना यूटीएफ-८ लागतो, फार जुन्या प्रोग्रामला वेगळा लागू शकतो.

मराठी नावांची अपेक्षा इथं ठेवू नका. हा पडदा सारख्या मापाच्या घरांचा आहे, एका घरात एक अक्षर. आपल्या मात्रा आणि जोडाक्षरं त्यात नीट बसत नाहीत. आम्ही शेतकऱ्यांची नावं रोमन लिपीत टाकतो आणि स्पेलिंग सातबाऱ्याशी नाही, बँकेच्या पासबुकाशी जुळवतो, कारण पैसे तिथं जायचे असतात.

८. कनेक्शन तुटतं तेव्हा

आता मूळ गोष्ट. ‘सारखं तुटतं’ असं सगळे म्हणतात, पण तुटण्याचे प्रकार वेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे. उपाय करण्याआधी दोन दिवस घड्याळ लावून लिहा: हात चालू असताना तुटतं की बसून राहिल्यावर? दर वेळी साधारण तितक्याच मिनिटांनी?

पहिला प्रकार, रिकामं बसल्यावर तुटणं. दोन गाड्यांच्या मध्ये वीस मिनिटं कोणी आलं नाही, परत कळ दाबली तर मेलेलं. मधल्या वाटेवर, राऊटरमध्ये किंवा मोबाईल कंपनीच्या यंत्रात, तुमच्या जोडणीची नोंद असते. काही वेळ काहीच आलं-गेलं नाही तर ती नोंद पुसली जाते. यावर उपाय आहे: कनेक्शनच्या पानावर ‘सेकंड्स बिटवीन कीपअलाईव्हज’मध्ये शून्याच्या जागी ६० टाका. पुटी दर मिनिटाला एक छोटा रिकामा निरोप पाठवत राहील. त्याच पानावर टीसीपी कीपअलाईव्हज नावाचा दुसरा पर्याय आहे, तो यासाठी कामाचा नाही, त्याचे निरोप बहुधा तासांच्या अंतरानं जातात.

दुसरा प्रकार, सर्व्हरच बाहेर काढतो. ‘टाईम्ड आऊट वेटिंग फॉर इनपुट, ऑटो-लॉगआऊट’ असं दिसलं तर तो सर्व्हरवर ठेवलेला नियम आहे. कीपअलाईव्हनं तो टळत नाही, कारण तिथं कळ दाबली गेली का तेच बघतात. सांभाळणाऱ्याशी बोला.

तिसरा प्रकार, नेटच जातं-येतं. आपल्याकडचा मुख्य प्रकार हाच, आणि यात कीपअलाईव्ह उलटा पडू शकतो. नेट चार मिनिटं गेलं आणि तुम्ही काही दाबलं नाहीत, तर कीपअलाईव्ह बंद असताना पुटीला ते कळतच नाही. नेट आलं की सेशन तसंच पुढं चालतं. चालू असेल तर पुटी मधल्या काळात निरोप पाठवते, उत्तर येत नाही, आणि ती जोडणी मेली असं ठरवून सोडून देते. म्हणून नेट सारखं उघडझाप करत असेल आणि रिकामं बसल्यावर तुटत नसेल, तर शून्यच राहू द्या. आमच्या वायरच्या नेटवर शून्य आहे, आणि मोबाईल हॉटस्पॉटसाठी ‘काटा-मोबाईल’ नावाचं दुसरं सेशन करून त्यात ६० ठेवलंय.

वायरच्या नेटवरून हॉटस्पॉटवर उडी मारली की तुमचा पत्ता बदलतो, आणि चालू सेशन कोणत्याही सेटिंगनं वाचत नाही. लाईन गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला तरी तेच. त्यावर पुढचा उपाय.

हॉटस्पॉट फार मंद असेल तर एसएसएचच्या पानावर ‘एनेबल कॉम्प्रेशन’वर खूण करा. एरवीही हे काम फार थोड्या डेटात चालतं, इथं ये-जा फक्त अक्षरांची असते. वेबसाईट उघडत नाही अशा रेंजमध्येही मी तोलपट्ट्या केल्या आहेत.

९. टीमक्स: सोडलेलं काम जिथल्या तिथं

पहिल्या हंगामात एका ट्रॅक्टरची नोंद अर्धी असताना लाईन गेली. परत आल्यावर तीच नोंद उघडली तर प्रोग्राम सांगू लागला की ती दुसरं कोणी वापरतंय. ते दुसरं कोणी म्हणजे मीच. माझं जुनं सेशन सर्व्हरवर अजून जिवंत होतं आणि नोंद धरून बसलं होतं, कारण इकडचा कॉम्प्युटर बंद पडल्याचं सर्व्हरला कळलंच नव्हतं. तो म्हातारा माणूस संध्याकाळपर्यंत तोलपट्टीसाठी बसून राहिला. मला ते आजही आठवतं.

टीमक्स हे सर्व्हरवर चालणारं साधन आहे. तुमचं काम ते सर्व्हरवरच एका वेगळ्या खोलीत ठेवतं. पुटी तुटली तरी खोली तशीच राहते. परत जोडलं की अर्धी नोंद अर्धीच, कर्सरही जिथं होता तिथंच. लहान अक्षरांत टी, एम, यू, एक्स टाईप करून एंटर दाबलं की खोली सुरू होते. तुटल्यावर परत लॉगिन करून तोच शब्द, एक जागा आणि ‘अटॅच’ लिहिलं की तुम्ही आत. स्वतःहून बाहेर पडायचं तर कंट्रोल-बी दाबून सोडा, मग डी.

रोज हे लक्षात ठेवावं लागू नये म्हणून एसएसएचच्या पानावर ‘रिमोट कमांड’च्या रकान्यात हे लिहून सेव्ह करा: टीमक्स, न्यू, उणे चिन्हासह मोठं ए, उणे चिन्हासह लहान एस, आणि खोलीचं नाव, मध्ये एकेक जागा सोडून. खोली असेल तर पुटी तिच्यात नेते, नसेल तर नवी करते. त्या रकान्यात काही असलं की लॉगिननंतर आपोआप उघडणारा मेनू उघडेलच असं नाही, हे ध्यानात ठेवा.

त्यातली एक अडचण: टीमक्सच्या आत टर्मिनलचा प्रकार बदलतो, त्यामुळे सहाव्या पायरीतल्या फंक्शन की पुन्हा एकदा तपासाव्या लागतात. आणि तुमच्या खात्यात लॉगिन करताच थेट मेनूच उघडत असेल, तर टीमक्स सर्व्हरच्या बाजूनंच लावून घ्यावं लागतं. आमच्याकडे ते लावून मिळायला एक हंगाम गेला. मागत राहा.

आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि राऊटर भिंतीच्या साध्या सॉकेटवर, असं मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

१०. की-फाईल, पासवर्डच्या जागी

पुटीजेन उघडा, प्रकारात ईडीडीएसए निवडा, जनरेट दाबून माऊस रिकाम्या जागेत फिरवत राहा. दोन भाग तयार होतात. वरच्या चौकटीतला सार्वजनिक भाग पूर्ण कॉपी करून सर्व्हर सांभाळणाऱ्याला पाठवा. खासगी भाग पीपीके फाईल म्हणून सेव्ह होतो. तो कोणालाही, नागपूरच्या साहेबांनाही, पाठवायचा नाही. पासफ्रेज जरूर द्या, नाहीतर ती फाईल ज्याच्या हाती लागली तो तुमच्या नावानं आत.

मग पुटीत एसएसएचखाली ऑथ, नव्या आवृत्त्यांत त्याखालच्या क्रेडेन्शियल्सच्या पानावर, ती फाईल दाखवा. आणि सेशनच्या पानावर येऊन सेव्ह.

११. पडद्यावर हे आलं तर

‘होस्ट डज नॉट एक्झिस्ट’: नाव चुकलंय, किंवा नेटच नाही. आधी मोबाईलवर नाही, त्याच कॉम्प्युटरवर एखादी वेबसाईट उघडून बघा.

‘कनेक्शन टाईम्ड आऊट’: हाक मारली, कोणी ओ दिली नाही. पत्ता चुकीचा, सर्व्हर बंद, किंवा मध्ये फायरवॉल, म्हणजे जोडणी अडवणारी भिंत. हॉटस्पॉटवरूनच असं होत असेल तर सर्व्हर फक्त ठरावीक पत्त्यांना आत घेत असण्याची शक्यता आहे.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: बहुधा मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. पोर्ट नंबर चिठ्ठीशी ताडून बघा.

‘नो सपोर्टेड ऑथेंटिकेशन मेथड्स’: सर्व्हर पासवर्ड घेतच नाही, की-फाईल मागतोय, आणि तुम्ही ती दाखवली नाही किंवा चुकीची दाखवली.

‘सॉफ्टवेअर कॉज्ड कनेक्शन अबॉर्ट’: चालू कामात जोडणी तुटली. वरच्या पट्टीवर उजवं क्लिक, ‘रीस्टार्ट सेशन’, आणि टीमक्स असेल तर थेट आपल्या खोलीत.

फोन करायची वेळ आलीच तर ‘चालून नाही रायलं’ एवढंच सांगू नका. पडद्याचा फोटो, नेमकी वेळ, आणि नेट कोणतं होतं, वायरचं की हॉटस्पॉट, हे तीन पाठवा. समोरच्याला सर्व्हरच्या नोंदीत त्याच मिनिटाला बघता येतं.